कंदुरीचा ठराव

गावाचं नाव लिहीत नाही. भूमकडच्या ईट गावच्या बाजाराला जाणाऱ्या वाटेवर अशी गावं बरीच आहेत, त्यातलं एक समजा. नाव घेतलं तर गावाला वाटेल बाईंनी आपली बदनामी केली, आणि शेजारच्या गावांना वाटेल आपण त्यातले नव्हेत. दोन्ही मला नको आहे.

मी इतिहास शिकवायची. नवरा गेल्यावर बदली मागून माहेरच्या गावी आले, आईवडिलांच्या घरात राहिले आणि इथल्याच शाळेतून निवृत्त झाले. मुलगा पुण्यात असतो. दर रविवारी फोन करतो, तब्येत विचारतो, गोळ्या घेतल्या का विचारतो, आणि मग पुढं काय बोलावं ते दोघांनाही सुचत नाही. घर बौद्धवाड्याच्या टोकाला आहे. त्याच्यापुढं एक बोळ, आणि बोळाच्या पलीकडं मुलाण्याचं घर. गावात मुसलमानाचं तेवढं एकच घर होतं.

मुलाणी म्हणजे गावासाठी बकरं-कोंबडं कापणारा माणूस. आमच्याकडं जत्रेच्या दिवशी देवाला पुरणपोळी असते आणि दुसऱ्या दिवशी कंदुरी, म्हणजे बकऱ्याचं जेवण. ती बकरी कापायचा मान मुलाण्याचा. त्यानं अल्लाचं नाव घेऊन सुरी फिरवायची, मग ते मटण हिंदूंच्या देवाच्या नावानं शिजायचं आणि गाव जेवायचं. त्याच्या हातचं नसेल तर जुनी माणसं त्याला मुर्दाड म्हणतात आणि ताटाला हात लावत नाहीत. यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही, आणि यातून कुणी काही थोर विचारही काढला नाही. जेवायचं होतं म्हणून चाललं होतं.

आता काही लोक गहिवरून सांगतात की पूर्वी गाव कसं एकजीव होतं. मला हसू येतं. त्या एकजीव गावात कंदुरीच्या पंगतीला आमच्या माणसांना उकिरड्याच्या बाजूला बसवत. आजोबा जत्रेत हलगी वाजवायचे. छप्पन साली धम्म घेतला आणि हलगी कायमची खाली ठेवली, तेव्हापासून कंदुरीही आमच्या घरातून गेली. त्यामुळं जुन्या दिवसांची आरती ओवाळायची सवय मला नाही.

पण आजोबांनी सांगितलेली एक गोष्ट मी विसरू शकत नाही. निजामाच्या शेवटच्या वर्षांत रझाकारांनी या भागात धुमाकूळ घातला होता. घरं जळाली, धान्य लुटलं गेलं, लोक रात्र रात्र रानात बसून राहिले. मग पोलीस ॲक्शन झाली, रझाकार पळाले, आणि त्यांनी केलेल्याचा वचपा ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्यावर निघायला लागला. आमच्या गावावरही कुऱ्हाडी घेऊन माणसं चालून आली. तेव्हा आताच्या मुलाण्याच्या आजोबांना, बायकापोरांसकट, आमच्या लोकांनी आपल्या वाड्यात आणून जमिनीखालच्या धान्याच्या पेवात लपवलं. जमाव वाड्याच्या तोंडापर्यंत आला आणि तिथंच थांबला. आत शिरलं तर विटाळ झाला असता. माणसं मारायला निघालेल्या माणसांना विटाळाची भीती वाटली, आणि त्या भीतीनं एक घर वाचलं. ही गोष्ट सांगताना आजोबा हसायचे. मला लहानपणी ते हसणं कळत नव्हतं.

रझाकारांनी केलं तेही खरं, नंतर झालं तेही खरं. इतिहास शिकवणाऱ्याची हीच अडचण असते, त्याला सोयीच्या ठिकाणी गोष्ट थांबवता येत नाही.

मुलाण्याची बायको माझ्याहून थोडी मोठी. मी तिला भाभी म्हणायची, ती मला बाई. रोज संध्याकाळी चहा तिच्या ओट्यावर नाहीतर माझ्या. ती शेळ्यांबद्दल बोलायची, लातूरला गॅरेजमध्ये काम करणाऱ्या लेकाबद्दल बोलायची, माझ्या चहात साखर कमी असते म्हणून रोज न चुकता कुरकुरायची. दिवसभरात माझ्याशी कामाशिवाय कुणी बोललं तर ते एवढंच. हे स्पष्टच लिहिते, कारण पुढं जे झालं त्यात माझा स्वार्थ काय होता ते वाचणाऱ्याला कळायला हवं. ते घर उठलं असतं तर मी एकटी पडले असते.

शाळेतलं माझं शेवटचं वर्ष होतं. वर्गात जर्मनीचं प्रकरण निघालं. निवडणुकीनं आलेल्या माणसानं निवडणूकच कशी मोडीत काढली, कायदे कायद्यानंच कसे बदलले, ज्यूंच्या दुकानांवर आधी बहिष्कार कसा आला, मग नोकऱ्या कशा गेल्या, मग शाळेतून मुलं कशी काढली, मग घरं. आमच्या पोरांना ज्यू म्हणजे काय ते ठाऊक नसतं. मग मी त्यांना कोकणातल्या शनिवार तेल्यांबद्दल सांगायची. घाणा चालवणारी, मराठी बोलणारी माणसं, फक्त शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून लोकांनी ठेवलेलं ते नाव. तेच ज्यू. शतकानुशतकं इथं राहिले, कुणी त्यांच्या वाटेला गेलं नाही. हे ऐकून पोरांचे डोळे मोठे व्हायचे. तेल काढणारी, आपल्यासारखं बोलणारी माणसं कुणी भट्टीत घालील हे त्यांना पटायचं नाही.

त्या वर्षी मात्र पहिल्या बाकावरची एक हुशार मुलगी उठून म्हणाली, “बाई, पन त्यांनी कायतरी केलं असंल की. उगं कोन कशाला मारील?”

हा प्रश्न मला दरवर्षी कुणीतरी विचारायचं आणि मी दरवर्षी उत्तर द्यायची. त्या वर्षी वर्गातल्या निम्म्या माना त्या पोरीच्या बाजूनं हलल्या. मी उत्तर दिलं, पुन्हा दिलं, फळ्यावर लिहिलं. घंटा झाली, पोरं डबे काढायला लागली. मला पहिल्यांदाच वाटलं की आपलं बोलणं छतापर्यंत जातंय आणि तिथूनच परत येतंय.

तोवर आमच्या गावात फोनवर व्हिडिओ यायला लागलेच होते. कुठल्या तरी दूरच्या शहरातलं भांडण, कुठल्या तरी बाजारातली मारामारी. गावातली जी माणसं स्वतःच्या शेजाऱ्याच्या बांधावरून कोर्टात गेली होती, ती आता न पाहिलेल्या गावच्या माणसांसाठी तळमळत होती. अशात जत्रा जवळ आली आणि ग्रामसभा बसली.

सरपंच माझाच विद्यार्थी. लोकशाहीच्या ऱ्हासाची कारणं त्यानं परीक्षेत मुद्देसूद लिहिली होती, मीच त्याला पैकीच्या पैकी दिले होते. सभेत एका तरण्या माणसानं उठून रझाकारांची आठवण काढली. त्याच्या जन्माच्या पन्नास वर्षं आधीचे रझाकार, पण बोलत होता असा की सकाळी चावडीवर भेटून आलाय. मग ठराव मांडला: जत्रेत परधर्माच्या कुणाला दुकान, काम किंवा मान देऊ नये. मांडणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होते ते भूम-परांड्याकडून येणारे खेळणीवाले आणि बांगडीवाले. मुलाणी त्यांच्या ध्यानीमनीही नव्हता. याच गोष्टीचं मला अजून नवल वाटतं. मुलाणी म्हणजे मुलाणी. तो मुसलमान आहे हे गाव विसरून गेलं होतं.

मला बोलायचं होतं. मनात सगळी जुळणी केली होती, बर्लिनपासून सुरुवात करायची होती. तेरला शाळेची सहल नेली की संग्रहालयात मी पोरांना दाखवायची, बघा, दोन हजार वर्षांपूर्वी रोमचा माल आपल्या तेरणेच्या काठी येत होता, तेव्हा कुणी त्यांचा देव विचारला नसेल. तेही सांगायचं होतं. उठले, समोरची तोंडं पाहिली, आणि तोंडातून भलतंच निघालं.

“मग कंदुरीची बकरी कोण कापणार?”

आधी हशा झाला. मोठा, मोकळा. मग तो हळूहळू विरला, कारण लोकांच्या लक्षात आलं. मी माझ्या हातानं मुलाण्याला त्या ठरावात आणून बसवलं होतं, हेही मला त्याच क्षणी कळलं. वाटलं होतं, अडचण दिसली की ठराव मागं घेतील. इतकी साधी गोष्ट होती. पण ठराव मांडणारा म्हणाला, “ठराव म्हंजे ठराव. सगळ्यांना एकच.” आणि मागून कुणीतरी म्हणालं, “बाई, तुमच्यात तर कंदुरी नसती. तुमाला काय करायचंय?”

याला पेवाची गोष्ट हे उत्तर होतं. पण ती सांगायची तर विटाळही सांगावा लागला असता, आणि त्या सभेत तो विषय काढला असता तर गोष्ट मुलाण्याची उरली नसती, आमची झाली असती. सरपंच माझ्याकडं बघत नव्हता. आमच्या गावात हात मोजत नाहीत, टाळ्या वाजवून मंजुरी देतात. टाळ्या वाजल्या. मी वाजवल्या नाहीत, पण टाळ्यांच्या आवाजात न वाजवणारे हात ऐकू येत नाहीत.

घरी येताना वाड्यातली वडीलधारी माणसं विहाराच्या पायरीवर बसली होती. त्यांतले एक दादा मला हाक मारून म्हणाले, “बाई, आपल्याला लई निस्तरायचंय आपलंच. त्यांच्यापायी गावाशी वाकडं कशाला?” त्यांचंही चुकत नव्हतं. गावाशी वाकडं झालं की काय होतं ते त्यांनी अंगावर काढलेलं होतं. मी पुढं आले. त्या दिवसापासून दोन्हीकडची माणसं माझ्याशी बोलायची, पण पावसापाण्याचं बोलायची. किराणावाला हसून पिशवी द्यायचा आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळायचा. कुणी वाईट वागलं नाही. तसं वागले असते तर निदान भांडता आलं असतं.

भाभीला मी ठराव सांगितला तेव्हा ती शेळीला पाला टाकत होती. “आमचं न्हाय त्यात,” ती म्हणाली. “भायेरच्यांचं आसंल.”

“तुमचंही आहे, भाभी.”

“कसं आसंल? देवाच्या कामाला आमी न्हाय तर कोन?” आणि तिनं चहा टाकला. त्या दिवशीही साखरेवरून बोललीच.

जत्रा झाली. पालखी निघाली, फटाके वाजले. खेळण्यांची दुकानं निम्मीसुद्धा नव्हती, त्यामुळं पोरं रडवेली होऊन हिंडत होती. दुसऱ्या दिवशी कंदुरी. उजाडताना मी अंगण झाडत होते, तर सरपंचाचे चुलते आणि आणखी दोघं बोळातून आले. सरपंचाचे वडील गावातले सगळ्यात म्हातारे, आज्जा म्हणूनच सगळे ओळखतात. आज्जांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं की मुलाण्याच्या हातचं नसेल तर मी जेवणार नाही. आज्जा जेवणार नाहीत म्हटल्यावर त्यांच्या वयाचे बाकीचेही अडून बसले. तालुक्याहून कुणी हिंदू कापणारा आणला होता, त्याला जुन्या माणसांनी परत पाठवलं.

चुलते मुलाण्याच्या दारात उभे राहून म्हणाले, “मामा, चला जरा. मळ्यातल्या हिरीवर बकरी नेल्यात. तिकडूनच या, रानातनं. पुढल्या वाटंनं नगं, पोरं जरा तापल्यात.”

मला वाटलं, तो दार लावून घेईल. मनातून मी म्हणतही होते, नाही म्हणा, एकदाच नाही म्हणा. त्यानं आत जाऊन सुरी आणली, टोपी घातली आणि रानातून निघून गेला.

दुपारी गाव जेवलं. स्पीकरवर गाणी चालू होती, मटणाचा वास वाड्यापर्यंत येत होता. वेशीवरच्या मोठ्या फ्लेक्सवर ठरावाची ओळ रंगीत अक्षरांत होती, तिच्याखालून माणसं ढेकर देत घरी चालली होती. मी राग आवरू शकले नाही. संध्याकाळी बोळ ओलांडून गेले आणि मुलाण्याला विचारलं, “का गेलात तुम्ही?”

तो ओट्यावर पाय धूत होता.

“बोलवाय आलते, बाई.”

“आणि त्यांनी ठराव केलाय तो?”

“ठराव त्या पोरांचा. बोलवाय आले ते माझ्या बरोबरीचे. आज्जा उपाशी ऱ्हायला आसता. माझ्या बापानं त्याच्या बापाला जेवू घातलंय.” मग टॉवेलनं पाय पुसत म्हणाला, “त्याचं कायबी न्हाय. पन मला वाजवत न्यायचे, बाई. हलगी लावून. औंदा रानातनं या म्हनले. चोरावानी गेलो आन चोरावानी आलो. सुरी टॉवेलात गुंडाळून.”

भाभीनं त्या संध्याकाळी चहा टाकला नाही.

मी वर्गात सांगत आले होते की माणसं घर सोडतात ती भीतीनं. ते खरंच आहे, पण पुरतं खरं नाही हे मला त्या ओट्यावर कळलं. मुलाण्याला कुणी धमकावलं नाही, त्याच्या दारावर कुणी दगड टाकला नाही. त्याला फक्त कळलं की आपला हात गावाला हवा आहे आणि आपलं तोंड नको आहे. पावसाळ्याआधी लेक टेम्पो घेऊन लातूरहून आला. शेळ्या विकल्या होत्या. भाभीनं जाताना माझा हात धरला आणि म्हणाली, “लातूर काय लांब न्हाय, बाई. येत जा.” मीही येते म्हणाले. आम्ही दोघीही खोटं बोलत होतो आणि दोघींनाही ठाऊक होतं.

नंतरच्या ग्रामसभेत कुणीतरी विषय काढलाच. सरपंच म्हणाला, त्यांना गावानं काढलेलं नाही, लेकाकडं बरं म्हणून ते आपणहून गेले. कुणाला खोटं वाटलं नाही, कारण कुणी खोटं बोलत नव्हतं. मी त्या सभेत होते. या वेळी काही बोलले नाही, बोलायला माझ्याकडं बकऱ्यासारखी ठोस अडचणही उरली नव्हती. मी निवृत्त झाले होते, आता तर वर्गही नव्हता. संध्याकाळी दोन कप काढायची सवय मोडायला मला फार दिवस लागले. रविवारी फोनवर मुलाला सांगितलं, शेजारचे गेले. तो म्हणाला, अगं मग तू इकडं ये. मी म्हणाले, बघू.

आषाढातला एक आखाडी मटणाचा दिवस होता. बोळात कुणीतरी मुलाण्याची कडी वाजवत होतं. बाहेर येऊन पाहते तर आज्जांची म्हातारी, म्हणजे सरपंचाची आई. काखेत जिवंत कोंबडी, पदराखाली झाकलेली.

“मुलाणी कुठं गेला गं, बाई?”

“काकू, ते गेले लातूरला. दोन महिने झाले.”

“परत कवा यायचा?”

“येणार नाहीत. गाव सोडलं त्यांनी.”

तिला खरंच ठाऊक नव्हतं. घरात तिला कुणी सांगितलं नसावं, किंवा सांगितलेलं ती विसरली असेल. ती कडीकडं बघत राहिली. “कुनी सोडाय लावलं?” ती म्हणाली. “माज्या म्हाताऱ्यानं कंदुरीपास्नं तुकडा तोंडात घातला न्हाय. आज म्हनला कोंबडी खावाटतीया.”

“काकू, तुम्ही होतात ना सभेला? जत्रेआधीच्या?”

“व्हते की. लेकानं नेलं व्हतं, बायका दिसाय पायजेत म्हून. टाळ्या वाजवल्या. समदी वाजवीत व्हती, म्या बी वाजवल्या.” तिनं कोंबडी दुसऱ्या काखेत घेतली. “त्या ह्याच्यासाठनं व्हत्या व्हय?”

मी हो म्हणाले. तिचं तोंड एकदम लहान झालं. माझ्या मनात इतके दिवस साठवलेलं सगळं बोलणं होतं, बर्लिन, पेव, विटाळ, सगळं. ऐकणारं माणूस शेवटी समोर आलं होतं, आणि ते ऐंशी वर्षांचं, थकलेलं, नवऱ्याच्या जेवणाच्या काळजीत होतं. मला तिचा राग आला नाही. रागावर तर मी इतके दिवस काढले होते, आता तोही नाही म्हटल्यावर मला फार एकटं वाटलं.

मी म्हणाले, “बसा काकू, पाणी आणते.” ती माझ्या ओट्याकडं आली नाही. आमच्या ओट्यावर तिच्या घरचं कुणी कधी बसलेलं नाही. ती मुलाण्याच्या बंद दाराच्या पायरीवर बसली. कोंबडी पदराबाहेर मान काढून ओरडायला लागली, तशी तिनं तिला मांडीवर दाबून धरलं.

“बाई,” ती म्हणाली, “तुमी शिकलेल्या हायसा. सांगा. आता हिचं काय करू?”